थेंबभर तेल सोडा ना!

मैत्रिणींनो, दार करकरायला लागलं की तुम्ही काय करता? बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडता. शिलाईचं मशीन जड चालतंय? तेल. झोपाळ्याची कडी कुरकुरतेय? तेल. कुलपात किल्ली फिरत नाही? पुन्हा तेलच! संसारातल्या निम्म्या कुरबुरी (माणसांच्या सोडून) त्या एवढ्याशा बुधलीनं मिटतात, असा माझा पंधरा वर्षांचा अनुभव. त्यामुळे २०२३ सालच्या पावसाळ्यात आमची मोटार ब्रेक दाबला की चीं-ई-ई करून ओरडायला लागली, तेव्हा उपाय शोधायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

मोटार म्हणजे तरी काय, ह्यांच्या ऑफिसातल्या एकांकडून घेतलेली जुनी वॅगनआर. मी कऱ्हाडला एका शाळेत तासांवर मराठी शिकवते. सकाळी मुलांना आणि स्वतःला शाळेत पोचवायचं, येताना भाजी घ्यायची, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, एवढाच माझा गाडीशी संबंध. पण त्या किंचाळण्यानं जीव नकोसा केला. फाटकापाशी ब्रेक लागला की वर्गातली मुलं खिडकीतून ‘बाई आल्या!’ म्हणून ओरडायची. आमचे चिरंजीव सातवीत. त्यांनी तर फर्मावलंच, “आई, तू गाडी कोपऱ्यावरच थांबवत जा. मी चालत जाईन.”

गणपतीच्या आधी एका दुपारी मीच गाडी घेऊन जवळच्या गॅरेजवर गेले. ह्यांना वेळ नव्हता, आणि एवढ्याशा कामाला पुरुषमाणूस कशाला, असाही थोडा तोरा होता. गॅरेजवाला पोरगा पंचविशीतला, हाताला चांगला. त्यानं पुढची चाकं काढली, आतला भाग उघडला, कागदानं घासून धुळीचा काळा ढग उडवला. रबराची टोपणं पेट्रोलच्या डबड्यात बुडवून धुतली. मी शेजारी उभी राहून कौतुकानं बघत होते. म्हटलं, “अरे, थेंबभर तेल-बिल सोड ना, शिलाईच्या मशीनला सोडतो तसं.” तो हसला. “तेल नको वहिनी, ग्रीस लावतो. तेल वाहून जातं.” आणि कोपऱ्यातल्या मोठ्या डब्यातून पिवळट ग्रीसचा गोळा बोटावर घेऊन त्यानं दोन पिनांना छान चोपडला. अडीचशे रुपये झाले. आवाज बंद! चिरंजीव खूश, मी खूश. रात्री जेवताना ह्यांना ऐकवलंसुद्धा, “बघा, बायकांनी मनावर घेतलं की कसं काम होतं!”

आता मागे वळून पाहताना वाटतं, गाडी मला सांगत होती. दसऱ्याच्या सुमारास ती थोडी जड चालू लागली. उतारावर गिअर काढला तर पूर्वीसारखी घरंगळत नसे. पेट्रोल जास्त लागू लागलं. ब्रेक मारला की नाक जरा डावीकडे वळे. मी म्हणत होते, टायरमध्ये हवा कमी असेल. आवाज नव्हता ना, म्हणजे सगळं आलबेल!

माझं माहेर चिपळूणचं. पाडव्याची ओवाळणी उरकून आम्ही दुपारी निघालो, दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो. हे गाडी चालवत होते. मागून आमची चौथीतली लेक म्हणाली, “आई, कुकरच्या रिंगेचा वास येतोय.”

मला हसूच आलं. पण पुढच्या दोन वळणांत तो वास मलाही आला. कुकरमधलं पाणी आटून रिंग तापावी, तसा कडवट, नाकात बसणारा. आणि तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, अगदी हळू, मुलांना ऐकू जाऊ नये असा. “ब्रेक मऊ लागतोय. पाय फार खाली जातोय.”

पुढची दोन-तीन मिनिटं कशी गेली ते मी नीट सांगू शकणार नाही. ह्यांनी गिअर खाली आणला, पहिल्यावर घेतला, हँडब्रेक थोडा-थोडा ओढत एका वळणापाशी रुंद जागा दिसली तिथे गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. थांबल्यावर चाकामागे दगड लावला. मी मुलांना खाली उतरवून कठड्यापासून लांब उभं केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की लेकीचा हात मी इतका घट्ट धरला होता, की तिच्या मनगटावर माझ्या बांगड्यांचे वळ उठले होते.

डाव्या पुढच्या चाकातून धूर येत होता. मी बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब बोटानं चाकाच्या आतल्या लोखंडावर उडवले, डोसा घालण्याआधी तव्यावर उडवतो ना, तसे. चर्रर्र करून नाहीसे झाले. हे सबंध बाटलीच ओतायला निघाले होते. एक टेम्पोवाला थांबला होता, त्यानं हात धरला. “साहेब, पाणी नका मारू. तापलेली तबकडी वाकडी होईल, तडकेल. गार होऊ द्या आपोआप.” तासभर आम्ही तिथे बसलो. चाक गार झालं, ब्रेकही कडक लागू लागला. मग पहिल्या गिअरवर, गोगलगाईसारखे उतरलो. आज विचाराल तर मी म्हणेन, तेही चुकलंच. उचलून न्यायला दुसरी गाडी बोलवायला हवी होती.

भाऊबीजेच्या सकाळी चिपळुणातली बहुतेक गॅरेजं बंद. उघडं होतं ते चाचांचं. हे चाचा माझ्या वडिलांची स्कूटर दुरुस्त करायचे, मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. त्यांनी चाक काढलं, मधली लोखंडी तबकडी पाहिली (तिला डिस्क म्हणतात), ती निळसर पडली होती. मग पिना बाहेर काढायला लागले तर पिना येईनात. हातोडीनं ठोकून काढल्या. एका पिनेच्या टोकावर रबराची बारीक नळी होती, ती रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती.

“बाय, इकडे ये. हे कोणी लावलं?” चाचांनी ते पिवळट, आता काळं झालेलं ग्रीस बोटावर घेऊन दाखवलं.

हे एकदम भडकले. “त्या गॅरेजवाल्याला आत्ताच्या आत्ता फोन लावतो. माझी पोरं होती गाडीत!”

खरं म्हणजे मी गप्प राहू शकले असते. पण म्हटलं, “थांबा. तेल सोड असं त्याला मीच म्हटलं होतं.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतं. चाचाच म्हणाले, “तिनं म्हटलं म्हणून काय झालं? कुठं काय लावायचं हे मेकॅनिकला कळायला हवं. पण तुम्हालाही थोडं कळलं तर वाईट काय?”

आणि दुपारी जेवायला जाण्याआधी चाचांनी मला जे शिकवलं, ते बी. ए.च्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

डिस्कच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात. तापलेलं पातेलं आपण सांडशीनं धरतो, तशी ती डिस्कला दोन्हीकडून धरतात. पण गंमत अशी, की आमच्या गाडीसारख्या गाड्यांत ढकलणारा दट्ट्या एकाच बाजूला असतो. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग त्या दाबानं सबंध सांडशीच दोन पिनांवरून सरकते आणि बाहेरचं पॅड ओढून आणते. पाय काढला की तेवढीच मागे सैल होते. म्हणजे पिना सहज सरकल्या पाहिजेत, कपाटाच्या ड्रॉवरसारख्या. आमच्या फुगून अडकल्या होत्या. सांडशी सुटतच नव्हती! आतलं पॅड झिजून पत्र्याला टेकलं होतं आणि बाहेरचं जवळजवळ नव्यासारखं. सबंध घाटभर डाव्या चाकाला कोणी तरी पकडून ठेवलं होतं.

मग ग्रीस लावायला नको होतं का? हवं होतं, पण वेगळं. गॅरेजच्या मोठ्या डब्यातलं नेहमीचं ग्रीस हे बहुधा खनिज तेलापासून, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या तेलापासून केलेलं असतं. चाकाच्या बेअरिंगला, बिजागऱ्यांना ते उत्तम. पण ब्रेकमधली रबरं ज्या जातीची असतात, ती हे तेल पिऊन फुगतात, मऊ पडतात. पेट्रोलनं आणि रॉकेलनं धुतलं तरी तीच गत. आमच्याकडे दोन्ही झालं होतं. मी विचारलं, “मग पेट्रोलियम जेली?” चाचा हसले. “नावातच काय आहे बघ.” खरंच की! हिवाळ्यात मुलांच्या ओठांना लावताना कधी लक्षात आलं नव्हतं. खोबरेल तेलाचं तर विचारायचं धाडसच झालं नाही. ते थंडीत गोठतं आणि उष्णतेनं चिकट होतं, हे शिलाईच्या मशीनवर मी एकदा करून बसले आहे.

पिनांना लागतं ते सिलिकोनचं ग्रीस, ब्रेकसाठी म्हणून मिळणारं. रबराशी त्याचं भांडण नाही आणि उष्णताही सोसतं. दट्ट्याच्या रबरी कड्यांना आणि टोपणांना लाल रंगाचं रबर ग्रीस मिळतं. आणि मैत्रिणींनो, ते मूळचं कशाचं असतं ठाऊक आहे? एरंडेलाचं! लहानपणी आजी नाक दाबून पाजायची ते एरंडेल. झाडाचं तेल आहे, त्याचा रबराला त्रास होत नाही. चाचांनी सांगितलं, फार पूर्वी ब्रेकच्या नळ्यांत भरायचं द्रवसुद्धा एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून केलेलं असायचं.

पॅडच्या पत्र्याचे कान ज्या खाचेत सरकतात, तिथे लोखंडावर लोखंड घासतं. तिथे उष्णतेला न वितळणारं ब्रेकचंच ग्रीस, तेही नखाएवढं. किंचाळण्याचा आवाज बऱ्याचदा पॅड थरथरल्यामुळे येतो, म्हणून पॅडच्या पाठीलाही त्याचा पातळ हात फिरवतात. पाठीला! पोटाला नव्हे. डिस्कला घासणारी जी बाजू, तिला आणि डिस्कला कसलंही तेल, ग्रीस, तेलकट बोटसुद्धा लागता कामा नये. ब्रेक म्हणजे घर्षण. तिथे आपण घर्षणच पुसून टाकलं तर गाडी थांबायची कशानं? पॅड एकदा तेल प्यायलं की ते धुऊन वापरू नये, जोडी बदलावी. नवी डिस्क आणली तर तिच्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसून मगच बसवतात.

मागच्या चाकांत आमच्याकडे ड्रम आहेत. पातेल्यासारखा ड्रम आणि आत दोन अर्धचंद्र. ते मागच्या पत्र्यावर ज्या पाच-सहा जागी टेकतात, तिथेच ग्रीसचं बोट. कुंकू लावतो तेवढं. जास्त झालं की तापून वितळतं आणि उडून नेमकं नको तिथे बसतं. शाळेत मी मुलांना सांगते, अनुस्वार हवा तिथेच द्या. हे तसंच.

मग ब्रेक मऊ का पडला? चाचांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची बाटली दाखवली. रंग कोऱ्या चहासारखा. म्हणाले, “आपण ऑईल म्हणतो, पण हे ऑईल नाही.” एका ग्लासात पाणी घेऊन त्यांनी नव्या बाटलीतले चार थेंब टाकले. विरघळून गेले! इंजिन ऑईलचे टाकले, ते वर तरंगत राहिले. म्हणून त्या बाटलीत कमी पडलं तर इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचं तेल चुकूनही ओतायचं नाही. आतली सगळी रबरं फुगतात आणि मग खर्च काही हजारांत जातो.

पाण्याशी दोस्ती हा ह्या द्रवाचा गुण आणि तोच दोष. पावसाळ्यात आपल्या चिपळूणचं मीठ कसं पाझरतं, तसं हे हवेतला ओलावा ओढत राहतं. नवंकोरं ‘डॉट ३’ कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. ‘डॉट ४’चे आकडे २३० आणि १५५. घाटात आमच्या चाकाची उष्णता आत पोचली, जुनं पाणी मुरलेलं द्रव उकळलं, बुडबुडे झाले. द्रव दाबून लहान होत नाही, पण बुडबुडा होतो. पाय खाली जातो आणि जोर चाकापर्यंत पोचतच नाही. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. कोणतं घालायचं ते त्या बाटलीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. आम्ही गाडी घेतल्यापासून ते झाकण उघडून पाहिलंही नव्हतं. आणि हो, हे द्रव गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्यानं धुवायचं.

कऱ्हाडला परतल्यावर मला स्वस्थ बसवेना. मी दोन वाट्या घेतल्या. एकीत शिलाईच्या मशीनचं तेल, दुसरीत सासूबाईंच्या कपाटातलं एरंडेल. दोन्हींत एकेक साधा रबरबँड टाकून झाकून ठेवला. तीन दिवसांनी मुलांना घेऊन उघडलं. मशीनच्या तेलातला रबरबँड गांडुळासारखा जाड, लांब आणि बुळबुळीत झाला होता, ओढला की पट्‌कन तुटला. एरंडेलातला होता तसा. चिरंजीवांनी सांडशी, ड्रॉवर आणि हरभरे, सगळं समजून घेतलं आणि शेवटी विचारलं, “म्हणजे आवाज येत होता तेच बरं होतं?”

पोरानं नेमकं बोट ठेवलं. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना ओरडते, तो डिस्कवरचा ओलसर गंज असतो, आपोआप जातो. पण दिवसभर ओरडत असेल तर ती काही तरी सांगत असते. काही पॅडांना तर एक पत्र्याची जीभच असते, पॅड झिजलं की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. मी गेले होते ते तिचं तोंड बंद करायला.

ब्रेकचं काम घरी करा, असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः करत नाही. पण पुढच्या वेळी गॅरेजवर उभ्या राहाल, तेव्हा मोबाईलमध्ये न बघता त्याच्या बोटाकडे बघा. ‘पिनांना कोणतं ग्रीस लावताय?’ एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. डब्यावर ‘सर्व कामांसाठी’ अशा अर्थाचं काही लिहिलं असेल, तर ते ब्रेकच्या रबरांसाठी नाही असं धरून चाला. आणि तो रबरं पेट्रोलमध्ये बुडवायला लागला तर सरळ हात धरा. काळी धूळ फुंकू लागला, तर मुलांना घेऊन लांब व्हा. ती छातीत जाण्यासारखी नसते.

मी तशीच त्या पहिल्या गॅरेजवर गेले. ह्यांना म्हटलं, तुम्ही येऊ नका, भांडण होईल. पिशवीत फुगलेली नळी होती, दोन रबरबँड होते आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेली सिलिकोन ग्रीसची छोटी ट्यूब. (दुकानदारही म्हणालाच, “वहिनी, ग्रीस ते ग्रीस, हे मोठं डबडं स्वस्तात पडेल.”) पोरानं नळी हातात घेतली, उलटीसुलटी केली. घाटातलं मी सगळं सांगितलं, माझं ‘तेल सोड’ सुद्धा. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, “उस्तादनं मला हेच ग्रीस लावायला शिकवलं, वहिनी. आठ वर्षं हेच लावतोय.”

आठ वर्षं! किती गाड्या झाल्या असतील, मी मनात हिशेब करायला लागले आणि सोडून दिला. त्यानं तेलातल्या रबरबँडचा तुकडा ओढून पाहिला, तो तुटला. एरंडेलातला ओढला, तो तुटला नाही. पुन्हा ओढला. मग ट्यूबची किंमत विचारली, आणि कोपऱ्यातला तो मोठा डबा उचलून बेअरिंगच्या फळीवर नेऊन ठेवला.

न तुटलेला रबरबँड त्यानं मागून घेतला. घरी आले तर सासूबाई कपाटापाशी उभ्या होत्या. “अगं, माझं एरंडेल एवढं कमी कसं झालं?”